चर्चच्या कामांतून प्रार्थनेला वेळ काढताना : मार्च ते नोव्हेंबर 2025

आधी परिस्थिती सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. पूर्ण वेळ नोकरी, दोन शाळकरी मुलं, घरात सासूबाई, आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी महिला मंडळाची सेक्रेटरी, संडे स्कूलचा एक वर्ग माझ्याकडे, शनिवारी कॉयरची प्रॅक्टिस, शिवाय घरोघरच्या प्रार्थना सभांचं वेळापत्रक बनवायचं काम. म्हणजे आठवडाभर प्रार्थना चालूच. सभा सुरू करताना प्रार्थना, संपवताना प्रार्थना, कुणी अ‍ॅडमिट झालं की फोनवर प्रार्थना, मुलांना झोपवताना प्रार्थना. आणि एवढं सगळं असून मी एकटी, दार लावून, पुढच्या कुठल्या कार्यक्रमाची तयारी डोक्यात न ठेवता देवासमोर बसलेय असं महिनोन्‌महिने होत नव्हतं. बायबल उघडायचं ते संडे स्कूलचा धडा काढायला नाहीतर सभेसाठी वचन शोधायला. ज्यांच्या अंगावर मंडळीची कामं आहेत त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल, बाकीच्यांना आपलं वाटत असतं की ह्या बायका काय, कायम प्रार्थनेतच असतात!

सुरुवात लेंटपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवास-प्रार्थनेच्या काळापासून, करायची ठरवली. 2025 मध्ये राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस, त्या दिवशी कपाळाला राख लावतात) 5 मार्चला होता आणि ईस्टर 20 एप्रिलला, मधले रविवार धरले नाहीत की बरोबर 40 दिवस. आमच्याकडे राख लावत नाहीत पण काळ पाळतात. हा काळ निवडण्यामागे भक्तीपेक्षा सोय जास्त होती खरं सांगायचं तर. त्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे, त्यामुळे घरच्यांना सांगता येतं की ईस्टरपर्यंत मी असं असं करणार आहे. "आजपासून कायमचं रोज" म्हटलं की घरातले लोक गालात हसतात आणि आपल्यालाही धडकी भरते. तुम्हाला सुरू करायचं असेल तर लेंटची किंवा आगमन काळाची (ख्रिसमसआधीचे चार आठवडे) तारीख धरा, आणि ती घरात बोलून दाखवा.

पहिला प्रयोग अर्थातच पहाटेचा, कारण आपल्याकडे क्वायट टाइम, म्हणजे एकट्याने प्रार्थनेला बसायची वेळ, म्हटलं की मार्कच्या शुभवर्तमानातलं 1:35 ठरलेलं, प्रभू येशू अगदी पहाटे अंधार असतानाच उठून एकांत जागी गेला वगैरे. सगळ्यांच्या आधी तासभर उठायचं. पण आमच्या घरात दिवा लागला की धाकटा जागा होतो, तो उठला की सासूबाई उठतात, त्या उठल्या की त्यांच्या औषधाची वेळ विचारतात, आणि एकांत संपला. शिवाय रात्री सगळं आवरून झोपायलाच उशीर, त्यामुळे ऑफिसात दुपारी स्क्रीनसमोर मान खाली पडायची. दुसऱ्या रविवारपर्यंत ओढलं आणि पहाट सोडून दिली. पहाट ज्यांना जमते त्यांनी जरूर करावी, पण ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे, आजारी माणूस आहे, रात्रपाळी आहे त्यांना कुणी "प्रभू पहाटे उठत होता" असं ऐकवू नये अशी माझी नम्र विनंती आहे. बायबलमधला दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकायचा, स्तोत्रसंहितेतल्या 55 व्या स्तोत्रात संध्याकाळ, सकाळ आणि दुपार असं आलंय, म्हणजे घड्याळाची सक्ती कुठेच दिसत नाही.

मात्र त्या निमित्ताने मार्कचा पहिला अध्याय नीट वाचला, फक्त पस्तिसावं वचन नाही, मागचं पुढचं पण. आदल्या दिवशी कफर्णहूम गावात काय झालंय बघा. प्रभूने सभास्थानात शिकवलं, भूतग्रस्ताला बरं केलं, मग शिमोन ह्या शिष्याच्या घरी त्याची सासू तापाने पडलेली तिला उठवलं, आणि सूर्य मावळल्यावर अख्खं गाव आजारी माणसं घेऊन दारात. तेवढ्यानंतर हा पहाटे निघून जातो. शिमोन आणि बाकीचे त्याला शोधत शोधत येतात आणि म्हणतात, सगळे तुला शोधतायत. हे वाक्य वाचून मी थांबलेच, कारण हे तर माझ्या फोनवर रोज येतं, ताई कुठे आहात, सगळे विचारतायत. आणि प्रभू काय म्हणतो, चला मी येतो? नाही. म्हणतो आपण आसपासच्या दुसऱ्या गावांना जाऊ. दारात थांबलेल्या लोकांची गरज खोटी नव्हती हो, खरेच आजारी असणार की त्यातले कितीतरी. तरी तो परत त्या दारात गेला नाही. आत्तापर्यंत मी ह्या उताऱ्यावर पहाटे उठण्याचीच प्रवचनं ऐकली होती, पण मला त्यात नकार दिसला, आणि तो प्रार्थनेतून उठल्या उठल्या दिलेला. पुढे जूनमध्ये जे केलं त्याचं मूळ इथे आहे, पण ते नंतर सांगते.

मार्चच्या मध्यात एक आठवडा वहीत वेळ लिहून काढला, कशात किती जातो. सोपं काम आहे पण कंटाळवाणं, दर दोन-तीन तासांनी चार शब्द लिहायचे. आठवड्याच्या शेवटी दिसलं की मुलांची स्कूल बस गेल्यापासून मी घराबाहेर पडेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं रोज मोकळी असतात, आणि ती सगळी महिला मंडळाच्या ग्रुपवरच्या मेसेजना उत्तरं देण्यात जातात. हॉल मिळाला का, पुढची सभा कुणाकडे, वर्गणी कुणाची राहिली. म्हणजे वेळ कुठून तरी उकरून काढायचा नव्हता, तो तिथे होताच, फक्त मंडळीच्याच कामाला लागला होता. तेव्हा उत्तरं लंच ब्रेकमध्ये द्यायची असं ठरवलं आणि ग्रुपवर तसं एका ओळीत सांगून टाकलं. कुणाचं काही अडलं नाही.

जागा म्हणजे बेडरूममधलं कपाट आणि खिडकी यांच्यामधली फट, एक खुर्ची बसते, गुडघे कपाटाला लागतात. मत्तय 6:6 मध्ये खोलीत जाऊन दार लावून घे म्हटलंय, तर दार होतं, पण ते लावायला सासूबाईंना सांगावं लागणार होतं आणि त्याचंच मला जास्त दडपण. सुनेने सकाळच्या घाईत दार लावून बसायचं म्हणजे कसं दिसतं! दोन दिवस शब्द जुळवले आणि मग म्हटलं, "आई, बस गेली की मी जरा वीस मिनिटं प्रार्थनेला बसणार आहे, तेवढा वेळ हाक नका मारू." त्या म्हणाल्या, "मग दार लाव की, उघडं ठेवलंस तर मी बोलणारच." एवढंच. आणि त्या दिवसापासून त्याच दारावर पहारा देतात. लँडलाइन वाजली की ठणकावून सांगतात, "ती प्रार्थनेत आहे, अर्ध्या तासाने करा." त्याचा एक साइड इफेक्ट असा झाला की मंडळीत बातमी पसरली आमच्याकडे काहीतरी झालंय, आणि रविवारी उपासनेनंतर दोघी-तिघींनी हळू आवाजात विचारलं, सगळं ठीक आहे ना? काही विशेष कारण नसताना एखादी बाई रोज प्रार्थनेला बसते हे चर्चमध्ये पटायला वेळ लागतो बघा.

आता फोन. मी बायबल फोनवरच वाचायचे, ऑडिओ पण लावायचे, सोयीचं आहे. पण ह्या वीस मिनिटांसाठी फोन चालत नाही. स्तोत्र 23 उघडलेलं, पहिलीच ओळ, परमेश्वर माझा मेंढपाळ, आणि वरून पट्टी सरकत आली, "ताई उद्याच्या फुलांचं काय करायचं." बोटाने ती वर ढकलली तर दुसरी आली, "आणि स्पेशल नंबर (उपासनेतलं खास गाणं) कोण घेणार." तोवर मेंढपाळ कुठल्या कुठे. सायलेंट करून पाहिलं, उलटा ठेवून पाहिला, पण वेळ बघायच्या निमित्ताने हात तिकडे जातोच. शेवटी एक साधं गजराचं घड्याळ आणि जुनं छापील बायबल. फोन बाहेर सासूबाईंच्या जवळ. ह्या सगळ्या प्रकरणात पैशांचा खर्च म्हणाल तर ते घड्याळ आणि एक वही, बाकी शून्य.

वहीचा उपयोग आध्यात्मिक काहीतरी लिहिण्यासाठी असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात डावीकडच्या पानावर डोक्यात जे जे येतं ते लिहिते: गॅसचं बुकिंग, मोठीची प्रोजेक्ट फाइल, अमक्याला रिप्लाय. डोळे मिटले की हीच यादी सुरू होते, आणि ती दाबत बसलं की आणखी मोठी होते. लिहिली की मन सोडून देतं. कधी कधी यादीतल्या एखाद्या नावावर पेन थांबतं आणि मग त्या माणसासाठीच प्रार्थना होते, तेही चांगलंच.

वाचायचं काय, हा प्रश्न बऱ्याच जणींचा असतो म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मी रोज एक स्तोत्र आणि मार्कचा छोटासा तुकडा एवढंच घेतलं. मार्कचे 16 अध्याय आहेत पण मी अध्याय संपवायचा नाही असं ठरवलेलं, दहा-बारा वचनं बास. 119 वं स्तोत्र आलं की घाबरू नका, 176 वचनं आहेत खरी पण ती आठ-आठच्या 22 गटांत आहेत, हिब्रू वर्णमालेच्या अक्षरांप्रमाणे, तेव्हा रोज एक गट घ्यायचा. 117 वं तर दोनच वचनांचं आहे, त्या दिवशी उरलेला वेळ नुसतं बसायला मिळतो. वाचायची पद्धत ऑफिसातल्या एका कॅथलिक मैत्रिणीने सांगितली. तिला लेक्तिओ दिविना म्हणतात, बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या मांडल्या: सावकाश वाचायचं, एखाद्या शब्दावर थांबून तो मनात घोळवायचा, त्यावरून देवाशी बोलायचं, आणि मग बोलणंही थांबवून नुसतं त्याच्यासमोर राहायचं. आमच्या प्रोटेस्टंट घरात पहिल्या तीन पायऱ्या सवयीच्या, चौथी अजिबात नाही. आपण लगेच "आमेन" म्हणून उठतो. मला चौथी पायरी म्हणजे सुरुवातीला अक्षरशः दोन मिनिटं जमायची, ती पण घड्याळाकडे बघत.

ईस्टर छान गेला. झावळ्यांच्या रविवारपासून (ईस्टरच्या आधीचा रविवार) कार्यक्रमांची रांग असते, गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात वचनांची उपासना, पहाटेची ईस्टरची उपासना, कॉयर, आणि त्या आठवड्यात मला खुर्चीत बसायला एखाददुसऱ्या दिवशीच मिळालं. पण त्या उपासनेत मी गाण्याच्या वहीत पुढचं पान न शोधता ऐकू शकले, हे वेगळं होतं.

मे महिना मात्र रखरखीत. ईस्टरची मुदत संपली होती, शाळांना सुट्टी म्हणजे बस नाही, म्हणजे ती वीस मिनिटंही नाहीत. वेळ दुपारवर ढकलली, मग रात्रीवर. बसले तरी काहीच व्हायचं नाही. शब्द कोरडे, स्तोत्र वाचलं की वाचलं. ह्याबद्दल कुणी बोलत नाही मंडळीत, साक्ष देताना, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगताना, सगळे आशीर्वादाचंच सांगतात. मला धीर आला तो आविलाच्या तेरेसाचं वाचून, सोळाव्या शतकातली ही कार्मेलाइट संघातली जोगीण (नन), प्रार्थनेची मोठी शिक्षिका समजतात तिला, आणि तिनेच लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिचं लक्ष तास कधी संपतो आणि घड्याळाचा टोला कधी पडतो याकडेच असायचं. तिच्यासारखीचं हे, मग मी कोण. त्यानंतर मी मेमध्ये 13 वं आणि 88 वं अशी रडणारी स्तोत्रंच आलटून पालटून वाचली. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही, तरी ते बायबलमध्ये आहे. कोरड्या दिवसांत उत्साहाची गाणी लावून स्वतःला चढवण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत.

आता जून. शाळा सुरू झाली, खुर्ची परत मिळाली, आणि त्या खुर्चीतच हळूहळू पक्कं झालं की सेक्रेटरीपद सोडायचं. मंडळ नाही सोडायचं, पद. हा भाग जरा तपशिलात सांगते कारण मंडळीत काम घेणं सोपं असतं, सोडायची पद्धत कुणी सांगत नाही.

नुसतं तोंडी सांगितलं तर "बघू, बघू" होतं. लेखी अर्ज लागतो. तो अध्यक्षांच्या नावे, प्रत पाळकसाहेबांना (पास्टरना), तारखेसहित. मी पहिल्या मसुद्यात प्रेषितांची कृत्ये 6 चा दाखला घातला होता, प्रेषितांनी पंगतीची सेवा सात जणांवर सोपवली आणि स्वतः प्रार्थना व वचनाच्या सेवेला लागले तो. नवऱ्याने वाचला आणि म्हणाला, "तू स्वतःला प्रेषित समजतेस असं वाटेल त्यांना." काढून टाकला. तुम्हीही अर्जात वचन घालू नका, उत्तरादाखल दुसरं वचन येतं आणि मग चर्चा वचनांचीच होते. एवढंच लिहिलं की अमुक तारखेपासून पद सोडत आहे, हिशेब आणि कागदपत्रं सुपूर्द करेन, सभासद राहीन.

जूनच्या बैठकीला कोरम झाला नाही. जुलैच्या बैठकीत विषय शेवटी होता तोवर निम्म्या जणी उठल्या. ऑगस्टमध्ये मंजूर झालं, पण "दुसरी मिळेपर्यंत बघा" या अटीवर. इथे मी अर्जातल्या तारखेकडे बोट दाखवलं आणि सप्टेंबरअखेर असं मिनिट्समध्ये लिहून घेतलं. तारीख लिहून घ्या, खरंच सांगते, नाहीतर "मिळेपर्यंत" ह्या शब्दाला अंत नसतो. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "आम्ही पण मुलं वाढवली, नोकऱ्या केल्या, सेवा नाही सोडली." मी काही बोलले नाही. रात्री झोप लागली नाही त्या दिवशी. त्यांचं खोटं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्यावर डावीकडच्या पानावर त्यांचंच नाव आलं, आणि बराच वेळ त्यावरच गेला.

पाळकसाहेबांचं काय मत येईल याची धाकधूक होती. त्यांनी अर्ज वाचला, घडी केली आणि विचारलं, "किती वाजता बसता तुम्ही?" मी सांगितलं. म्हणाले, "मला रविवारची तयारी सोडून वाचायला वेळ मिळत नाही हो." त्यापुढे आम्ही दोघंही काही बोललो नाही, कारण बाहेर हॉलच्या चाव्यांसाठी कुणीतरी थांबलं होतं. पाळकांसाठी प्रार्थना करायची म्हणजे नक्की काय मागायचं ते मला त्या दिवशी कळलं.

सुपूर्द करताना काय काय लागतं ते पण सांगते: मिनिट्सची रजिस्टर्स, सभासदांची यादी, पावती पुस्तकं (वापरलेली आणि कोरी वेगळी), कपाटाची चावी, बँकेत सही बदलायचा ठराव, ग्रुपचं अ‍ॅडमिनपद. बँकेची सही सगळ्यात वेळ खाते, ठरावाची प्रत आणि नव्या-जुन्या दोघींनी एकत्र जाणं, त्यामुळे ते आधी लावा. सगळ्याची यादी करून नव्या सेक्रेटरीची सही घेतली. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे आणि कामाला मस्त आहे, वेळापत्रक तिने एका शीटवर टाकलं, मी इतकी वर्षं हाताने लिहीत होते.

सप्टेंबरमध्येच धाकट्याला ताप आला आणि बरेच दिवस खुर्ची बंद. दवाखाना, रात्रीची जागरणं, ऑफिसची रजा. त्या काळात एकच केलं, 70 व्या स्तोत्राची पहिली ओळ, देवा मला सोडव, माझ्या मदतीला लवकर ये, एवढीच म्हणत राहायची, ताप बघताना, पट्टी बदलताना. हे माझं काही नवीन नाही, पाचव्या शतकात जॉन कॅसियन नावाच्या मठवासीयाने हीच ओळ सतत म्हणायला सांगितली होती, सुखात, दुःखात, झोप येत नसताना, सगळ्याला चालते म्हणून. लहान मुलांच्या आयांनी आणि आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांनी ही पाठ करून ठेवा. मार्थेला (येशू घरी आला तेव्हा बहीण मरिया त्याचं ऐकत बसली आणि ही कामातच अडकली, ती) ऐकवणारी प्रवचनं त्यांच्यासाठी नाहीत. तसंही ती प्रवचनं देणाऱ्यांचा स्वयंपाक बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी करत असतं.

ऑक्टोबरपासून रात्रीची दहा मिनिटं जोडली, दिवस मागे फिरवून बघायचा. हेही त्या मैत्रिणीकडूनच, जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची पद्धत: आभार, प्रकाश मागणं, दिवस आठवणं, क्षमा, आणि उद्याचं. मी पलंगावर पडूनच करते, बऱ्याचदा तिसऱ्या पायरीवर झोप लागते, चालतं.

आत्ता नोव्हेंबर आहे, आगमन काळाचा पहिला रविवार 30 तारखेला. ख्रिसमसच्या कार्यक्रमाची बैठक झाली आणि नाटकाची जबाबदारी कुणी घ्यायची यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी सांगितलं, संडे स्कूलच्या मुलांची गाणी मी बसवेन, रविवारी उपासनेनंतर, हॉलमध्येच. नाटक आणि शनिवारच्या जादा प्रॅक्टिस नाही. सध्याच्या सेक्रेटरीने ते लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि सकाळी कधी फोन करू ताई, बस गेल्यावर?" मी म्हटलं नऊनंतर कर, आधी केलास तर आई उचलतील.